मोरीतून येणारा वास आणि काळं पडलेलं निरांजन

गिरगावात आमची बिल्डिंग रस्त्याला लागून, खाली हॉटेल, आम्ही पहिल्या मजल्यावर. मार्चपासून रात्री आठ वाजले की सडक्या अंड्यासारखा भपकारा सुरू, आईला तर जेवण जाईना. रोज फिनेल ओतलं, फरक शून्य. मग एके दिवशी बघते तर देवघरातलं चांदीचं निरांजन काळंठिक्कर, आठ दिवसांपूर्वीच घासलेलं होतं, तेव्हा कळलं की हा गटारातला, चांदी काळी करणारा हायड्रोजन सल्फाइड गॅस आहे आणि थेट घरात शिरतोय.

महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार केली. गटार साफ करणारी गाडी यायला चार दिवस होते, तेवढ्यात सोसायटीतले एक काका म्हणाले, "कशाला थांबतेस, दोन पोरं बोलव, उतरतील चेंबरमध्ये." मी साफ नाही म्हटलं. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा आहे, आणि हा गॅस जास्त झाला ना की नाकाला वास यायचाच बंद होतो, आतल्या माणसाला वाटतं वास गेला आणि तो तिथेच कोसळतो. काकांना राग आला, येऊ दे.

जेटिंगची, म्हणजे जोरात पाणी मारून गटार मोकळं करणारी गाडी आली, झाकण काढलं तर वर साबणाच्या वडीसारखा पांढरा थर, हॉटेलच्या तेलातुपाचा. त्याने पाणी तुंबतं, खाली हवा न लागता सडतं आणि गॅस होतो. तो काढल्यावर वास कमी झाला पण गेला नाही.

शेवटी प्लंबर आणला. त्याने मागच्या न वापरातल्या बाथरूमच्या जाळीवर पेटती अगरबत्ती धरली, तर खालून धूर सरळ वर ढकलला जात होता. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी साठून राहणाऱ्या भांड्यात, जे दोन इंच पाणी गॅस अडवतं तेच सुकलेलं! आणि गच्चीवर पत्रे घालताना व्हेंट पाइपचं, म्हणजे गटारातली हवा वर सोडणाऱ्या पाइपचं, तोंड कोणीतरी बंद करून टाकलेलं, म्हणजे रात्री हॉटेलची भांडी धुवायला लागली की पाइपातली हवा दाबली जाऊन आमच्या मोरीतून बाहेर. म्हणून आठचा टाइम.

पाइप मोकळा करून पत्र्याच्या वर नेला. हॉटेलवाल्यांच्या मागे सेक्रेटरींना घेऊन तीनदा गेले, आता त्यांनी ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेलतूप अडवणारी टाकी, बसवलाय. मागच्या बाथरूममध्ये दर रविवारी दोन तांबे पाणी ओतते, वर चमचाभर खोबरेल, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. निरांजन परवा घासलं होतं, अजून पांढरं आहे.