टेंडर ऑनलाईन झालं, आता बिलही होऊ दे

सरकारी खरेदीचं पोर्टल म्हटलं की लोकांना वाटतं एक वेबसाईट बनवली, कागद चढवायची सोय केली की झालं काम. तसं नसतंय. कर्नाटकात आधी सरकारी खरेदीतल्या पारदर्शकतेचा कायदा आला, 1999 चा, सगळे केटीपीपी म्हणतात तो, 2000 मध्ये लागू झाला आणि ऑनलाईन टेंडर त्यानंतर 2007 पासून. आधी नियम, मग कॉम्प्युटर. हा क्रम बरोबरच होता.

मी बेळगावात उद्यमबागच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांची टेंडरं भरून देतो. जुनी माणसं सांगतात, फॉर्म घ्यायला ऑफिसात गेलं की दुपारपर्यंत बातमी फुटायची, मग फोन, "यावेळी राहू दे की, पुढचं तुम्ही घ्या". आता डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, टोकन लॅपटॉपला लावायचं, पिन टाकायचा, टेक्निकल बिड वेगळं, रेटचं वेगळं, आणि सबमिट केलं की रेट एन्क्रिप्ट होऊन बसतो, उघडायची वेळ होईपर्यंत खात्याच्या माणसालाही दिसत नाही. कोण भरतंय हेच कळत नाही तर दमात घेणार कुणाला? आणि बेंगळूरचं टेंडर पाचशे किलोमीटर लांब इथं बसून भरता येतंय, लहान कारखानदाराला ही फार मोठी गोष्ट आहे.

सीमेवर असल्यामुळं आमची अजून एक कसरत. इकडं केपीपीपी, म्हणजे कर्नाटकचं सरकारी खरेदीचं पोर्टल, आणि तिकडं चंदगड-कोल्हापूरला सरकारी खात्याला माल द्यायचा तर महाराष्ट्राच्या महाटेंडर्स पोर्टलवर वेगळं रजिस्ट्रेशन. टोकन तेच, पॅन तेच, तरी सगळे कागद परत चढवा. एका राज्यानं तपासलेले कागद दुसऱ्यानं मानायला काय हरकत आहे?

पण खरं दुखणं बिलाचं. ओळखीच्या एका फौंड्रीवाल्यानं एका खात्याला मॅनहोलची झाकणं दिली, चलनावर सही-शिक्का घेतला, आणि मग नुसत्या खेपा. आज साहेब मीटिंगला, उद्या फाईल वरती, परवा इन्स्पेक्शन रिपोर्टच सापडत नाही. इकडं पिग आयर्नवाला (कच्चं लोखंड देणारा), कामगार, लाईट बिल कुणीच थांबत नाही. छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमई कायद्यात 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे लिहिलंय, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. पण मागणार कोण, पुढचं टेंडर परत त्याच खात्यात भरायचं असतंय. म्हणून हे काम माणसावर सोडू नये, सिस्टिमनं करावं, व्याजसुद्धा आपोआप बिलात धरावं.

टेंडर केपीपीपीवर, पैसे ट्रेझरीच्या खजाने-2 या ऑनलाईन सिस्टिममधून, तर सप्लायरला दोन्हीकडचं एकाच स्क्रीनवर दिसू दे. माल कधी पोचला, कुणी तपासला, बिल कुठल्या टेबलावर किती दिवस आहे. आणि माल ताब्यात घेतल्याची तारीख त्याच दिवशी अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीनं पोर्टलवर चढली पाहिजे, म्हणजे 45 दिवस कधीपासून मोजायचे हा वादच राहणार नाही.