नाडी ३६ आणि पडशीतल्या गोळ्या

पालखी पुण्यात मुक्कामाला असली की आमच्या कॅज्युअल्टीचा रंगच बदलतो. एरवी रात्री अ‍ॅक्सिडेंट, छातीत दुखणारे, दारू पिऊन पडलेले, आणि त्या दोन रात्री मात्र पायाला फोड आलेले, जुलाब लागलेले, तापाचे, चक्कर आलेले, बीपीच्या गोळ्या गावालाच विसरलेले. माझी नाइट होती. फर्ग्युसन रोड बंद, लक्ष्मी रोड बंद, स्कूटी लांब लावली आणि गर्दीतून चालत पोचले तोवर संध्याकाळची सिस्टर हॅंडओव्हरसाठी माझी वाट बघून वैतागलेली.

नऊच्या सुमाराला दोघे माळकरी एका बाबांना दोन्हीकडून धरून घेऊन आले. सत्तरीच्या आसपासचे, परभणीकडचे, आळंदीहून दिंडीबरोबर चालत आलेले. नाना पेठेत जेवायला म्हणून उठले आणि मटकन खाली बसले ते परत उठताच येईना. सोबतचे म्हणाले, "दोन दिस झाले संडास लागलीय, पोटात काय नाय, एक सलाईन लावा बास, सकाळी आमच्यासंगं येतील." बाबा स्वतः म्हणत होते, "काय नाय व्हत लेकी, जरा पाय गळल्यावानी झालंय."

ऐकायला साधी केस. त्या रात्री अशा कितीतरी आल्या, ओआरएस पाजून, एक सलाईन लावून पाठवून दिल्या. पण ऑक्सिमीटर बोटाला लावला तर नाडीचा आकडा कधी ३८ कधी नुसत्या रेघा. थंड बोटांवर मशीन असं करतंच, म्हणून मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. ३६. बीपी ८४/५०. आता जुलाबाने अंगातलं पाणी गेलेल्या माणसाची नाडी पळायला पाहिजे, ११०-१२० तरी, जीभ कोरडी आहे बीपी पडलंय आणि नाडी मात्र आरामात चालतीय हे काही जमत नव्हतं. रेसिडेंट डॉक्टर शेजारच्या बेडवर टाके घालत होते त्यांना तिथूनच ओरडून सांगितलं आणि ईसीजी काढायला घेतला. पट्टीवरच्या लहरींत टी वेव्ह उंच आणि टोकदार, पी वेव्ह शोधून सापडेना, क्यूआरएस रुंद झालेलं, म्हणजे रक्तात पोटॅशियम फार वाढल्याची खूण. एबीजीच्या, म्हणजे रक्ताची झटपट तपासणी करणाऱ्या मशीनमधून पाच मिनिटांत पोटॅशियम आलं ७.३. नॉर्मल म्हणजे ३.५ ते ५, आणि एवढं वाढलं की हार्ट थांबू शकतं. कधीकधी टूर्निकेट घट्ट बांधून, मूठ आवळायला लावून सॅम्पल घेतलं किंवा सॅम्पलमधल्या रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच जास्त येतं, आमच्या ट्रेनी मुलींना मी नेहमी सांगते, पण ईसीजी असा असताना रिपीट सॅम्पलची वाट बघत बसायचं नसतं.

डॉक्टर आले, औषधांची ट्रॉली ओढली आणि एकीकडे व्हेनफ्लॉन, म्हणजे शिरेतली सुई लावता लावता मी सोबतच्यांना विचारलं की बाबांच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत. त्यांनी पडशीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. मेटोप्रोलॉल, बीपीची टेल्मिसार्टन, लघवीची टॉर्सेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन एकत्र असलेली गोळी, अ‍ॅस्पिरिन-अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची कॅप्सूल, मेटफॉर्मिन. म्हणजे अटॅक येऊन गेलाय, हार्टचं पंपिंग कमी आहे, शुगर आहे. बाबा एकदम शिस्तीचे, जुलाब चालू असतानाही एक गोळी चुकवलेली नाही. मी म्हटलं अजून काही? नाही म्हणाले. अजून काही, पावडर, काढा, इंजेक्शन? नाही. मग मी विचारलं, बाबा एवढं चालता, गुडघे दुखत नाहीत का? तर म्हणाले, "दुखत्यात की, लई दुखत्यात, त्याची येगळी हाय ना," आणि सदऱ्याच्या खिशातून डायक्लोफेनॅकची अर्धी संपलेली पट्टी काढली. आळंदीला यायच्या आधीपासून दिवसातून तीनदा घेत होते. दिंडीतल्याच कुणीतरी दिलेली.

मला वाटतं नर्सने हा प्रश्न नेहमी असाच विचारावा. कुठल्या गोळ्या घेता म्हटलं की लोक डॉक्टरने लिहून दिलेल्या सांगतात. अंगदुखीची, अ‍ॅसिडिटीची, झोपेची, पोट साफ व्हायची, ही त्यांच्या हिशोबात औषधंच नसतात. म्हणून गोळी नाही विचारायची, दुखणं विचारायचं.

बाबांच्या शरीरात काय झालं होतं ते नंतर फिजिशियन सरांनी राउंडला आम्हाला समजावलं. किडनीच्या गाळणीत रक्त येणारी नळी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लॅंडिन करतं, आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असली पेनकिलर नेमकं तेच बंद करतात. टेल्मिसार्टन किंवा एनालॅप्रिल वगैरे गाळणीतून बाहेर जाणारी नळी सैल करतात, त्याने आतला दाब उतरतो. टॉर्सेमाइड लघवीवाटे पाणी काढतं. टेल्मिसार्टन आणि टॉर्सेमाइड ही हार्टच्या पेशंटला चांगलीच औषधं आहेत, पण त्यात पेनकिलर पडून तिन्ही एकत्र आणि वर जुलाब म्हणजे किडनी बसायला वेळ लागत नाही. त्यात टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन दोघंही पोटॅशियम अंगात धरून ठेवतात. मेटोप्रोलॉल बीटा ब्लॉकर, तो हार्टरेट कमी करतो, वाढलेलं पोटॅशियम पण हार्टरेट कमी करतं, रेट कमी झाला की किडनीला रक्त अजून कमी, की पोटॅशियम अजून वर. असं ते चक्र फिरत राहतं. याला ब्रॅश सिंड्रोम म्हणतात, आणि यात नाडी वाढवणारी अ‍ॅट्रोपिन नुसती देऊन बऱ्याचदा काही होत नाही. आम्ही ०.६ मिलिग्रॅम दिली होती, नाडी ३६ ची ३८ झाली, बस.

खरा फरक पडला तो कॅल्शियम ग्लुकोनेटने. १० टक्क्यांचं १० एमएल, मॉनिटरवर नजर ठेवून हळूहळू, पाच ते दहा मिनिटं. ते पोटॅशियम कमी करत नाही, हार्टला तेवढ्यापुरतं सांभाळतं, अर्धा-एक तास. शीर चांगली मोठी लागते, बाहेर पाझरलं तर कातडी जळते, म्हणून मी दर थोड्या वेळाने विचारत होते, बाबा हाताला आग होते का. आणि सोडाबायकार्ब त्याच लाइनमधून लगेच द्यायचं नाही, आत खडूसारखा साका धरतो. मग प्लेन इन्शुलिन १० युनिट, सोबत २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० एमएल, ते पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतं. साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन पण त्यासाठीच, दम्यासाठी नाही, हे सोबतच्या माळकऱ्यांना तीनदा सांगावं लागलं कारण ते घाबरले की ह्यांना दमा कधी झाला. नाडी आणि बीपी वर आणायला अ‍ॅड्रेनॅलिन सिरिंज पंपवर बारीक रेटने. फॉलीज, म्हणजे लघवीची नळी टाकली तर ४० एमएल गडद लघवी. सलाईन जपून, हार्ट कमजोर म्हणून सारखी छाती ऐकत. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा, नंतर आलं ४.२, नॉर्मलच्या कितीतरी वर. डायलिसिसवाल्यांना फोन करून ठेवला होता.

साडेअकरापर्यंत क्यूआरएस अरुंद झालं, नाडी ५४. सगळ्यांनी श्वास सोडला. पण इन्शुलिन दिलेला पेशंट असा मोकळा सोडायचा नसतो. पुढचे सहा तास तरी दर तासाला शुगर, कारण किडनी बंद असली की इन्शुलिन अंगातून लवकर बाहेर पडत नाही, डेक्स्ट्रोज मात्र संपून जातं. बारा वाजता १३४, एक वाजता ९६. पुढची दोनला होती. दीडच्या सुमाराला सिरिंज पंप बघायला गेले तर बाबा शांत झोपलेले, हात थरथरत नाहीत, मॉनिटरवर रेट ५६ चाच, आणि कपाळावर, मानेवर घाम. एसी चालू होता, मी स्वतः स्वेटर घातलेला. बीटा ब्लॉकरवर असलेल्या माणसाची शुगर पडली की धडधड आणि थरथर ही दोन्ही लक्षणं झाकली जातात, घाम तेवढा झाकला जात नाही. लगेच बोट टोचलं. ५२. पुन्हा २५ टक्के डेक्स्ट्रोज, मग १० टक्क्यांची ड्रिप, आणि दर अर्ध्या तासाला शुगर. बाबांना जागं केलं तर म्हणाले, "सपान पडलं व्हतं, बोट टोचायलेत म्हणून." हसायला यावं असा तो प्रसंग नव्हता पण आलं.

सकाळी ७ ला लघवी तासाला ५० एमएल पडायला लागली, पोटॅशियम ५.८. आणि मी चार्ट लिहीत असताना सोबतचे माऊली दोन शहाळी घेऊन हजर, "अशक्तपणा आलाय ना, पाजतो जरा." अक्षरशः पळत जाऊन शहाळं हातातून घेतलं. एका ग्लास नारळपाण्यात पाच-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एरवी जुलाबाच्या माणसाला शहाळं द्या म्हणून आम्हीच सांगतो. बिचाऱ्यांचा चेहरा पडला, मग ती शहाळी आमच्या वॉर्डबॉय मामांनी आणि वॉचमनने प्यायली. केळी, डाळिंब, फळांचा रस बंद, आणि घरी बीपीसाठी म्हणून कमी सोडियमचं मीठ आणत असतील तर तेही बंद, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.

त्याच संध्याकाळी ते माऊली परत आले ते दिंडीचा औषधाचा पत्र्याचा डबा घेऊन. पालखी दुसऱ्या दिवशी पहाटे सासवडकडे निघणार होती. डब्यात डायक्लोफेनॅकच्या पट्ट्या, खोकल्याची बाटली, मलम, आणि कागदात बांधलेल्या बिनलेबलच्या बारीक पांढऱ्या गोळ्या, कुणीतरी गावाकडून आणलेल्या, "गुडघ्याला एक नंबर." अशा गोळ्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड निघतं. दुखणं जादूसारखं थांबतं, शुगर चढते, चेहरा सुजतो, आणि महिनोन्‌महिने घेऊन एकदम बंद केलं तर माणूस कोसळू शकतो. त्या कोण घेतं आणि किती दिवसांपासून, हे विचारून त्यांना डॉक्टरांकडे पाठवा, मनाने बंद पण करू नका, असं सांगितलं. मग कोणाकोणाला बीपीची, हार्टची, लघवीची गोळी आहे ते विचारलं तर डोकं खाजवत नावं घ्यायला लागले आणि संपेचनात. एकाचे पाय अमलोडिपीनने सुजलेले, त्यावर त्याला लघवीची गोळी चालू केलेली, म्हणजे एका औषधाच्या साइड इफेक्टवर दुसरं औषध, हे वॉर्डात इतक्यांदा बघते की आता रागही येत नाही. खोटं कशाला बोलू, येतो. थोड्या वेळाने त्यांनी त्यातले चौघे सरळ कॅज्युअल्टीतच आणून उभे केले, आमचे आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, माझ्याकडे असे काही बघत होते.

बाबांना डायलिसिस लागलं नाही. क्रिएटिनिन १.६ वर आलं तेव्हा डिस्चार्ज झाला. टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोनवाली गोळी तूर्त बंद, मेटफॉर्मिन बंद, मेटोप्रोलॉल कमी डोसने, आठवड्याने पुन्हा क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. मी मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दिलं, खाली लाल पेनने की जुलाब-उलट्या लागल्या तर लघवीची, बीपीची आणि शुगरची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा. बाबांचं एकच, "पंढरीला जाऊ द्या." सरांनी चालायला साफ नाही सांगितलं, गाडीने जा म्हणाले, त्यावर बराच वाद झाला आणि शेवटी मुलाने एसटीवर तडजोड करून आणली.

मुलाने त्या कागदाचा फोटो काढून दिंडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि बिल होईपर्यंत मला येऊन सांगतो, "सिस्टर, ग्रुपवर सगळे विचारायलेत, मग आम्ही गुडघ्याला घ्यायचं काय?" म्हटलं लिहा, पॅरासिटामॉल ५०० ची, सहा तासांनी एक, लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर विचारल्याशिवाय तीही नाही, गरम पाण्याचा शेक, आणि दुखलं की बसायचं, मागून दिंडीची गाडी येते ना.