गोव्यात लेट्यूसचं बी धरताना

गोव्यात लेट्यूस लावायचं तर आइसबर्गचा हट्ट सोडावा. आपल्या उकाड्यात त्याचा गड्डा नीट बांधत नाही. सुट्या पानांचे लोलो रोसा, ओकलीफ घ्या. पेरणी नोव्हेंबरात, सावलीत. ३० अंशांपुढे बी उगवायला कुरकुरतं. मातीने जेमतेमच झाका, त्याला उजेड लागतो.

खरी मेहनत बियाण्यात. सर्वांच्या आधी फुलाचा दांडा काढणारं झाड उपटा. सर्वांत उशिरा फुलणाऱ्याचंच बी धरा. बहुतेकांच्या हाती उलटंच लागतं, कारण लवकर फुललेल्याचं बी आयतं मिळतं! फूल स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने बी धरणारं, म्हणून वाण सहसा शुद्ध राहतो. संकर करायचाच तर सकाळी फूल उमलताना बारीक फवाऱ्याने पराग धुवून काढा, पाणी सुकलं की दुसऱ्या वाणाचं ताजं फूल त्यावर घासा.