सहाव्या दिवशीची मिरची

तुम्ही विचारलेत म्हणून सांगते, कारण हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी विचारला जातो आणि जिन्यात उभ्या उभ्या दिलेले उत्तर दर वेळी अर्धवटच राहते. प्रश्न असा असतो: ‘ताई, पाकिटावर दहा ते पंधरा दिवस लिहिलेले असताना तुमची मिरची सहाव्या दिवशी कशी उगवते? काय घालता?’ विचारणाऱ्याच्या आवाजात किंचित संशय असतो, जणू आमटीतला एखादा जिन्नस मी मुद्दाम सांगायचा ठेवला आहे. घालत मी काहीच नाही. पहिल्यांदा हे घडले तेव्हा तर बी नीट पेरण्याइतकेही माझे लक्ष त्याच्याकडे नव्हते.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी लवंगी मिरचीच्या बिया रात्री वाटीत भिजत घातल्या आणि सकाळी साताऱ्याहून मावशी गेल्याचा फोन आला. निघण्याच्या घाईत पाणी ओतून टाकले, बिया वर्तमानपत्रावर पसरून कपाटाच्या सावलीत ठेवल्या आणि आठ दिवसांनी परत आले तेव्हा त्या पुन्हा पाकिटातल्यासारख्या कोरड्या ठणठणीत झाल्या होत्या. वाया गेल्या असे धरूनच, केवळ टाकवत नाही म्हणून, त्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, ट्रेमध्ये अर्धा सेंटीमीटर खोल पेरल्या. त्याच वर्षी जानेवारीत पेरलेल्या मिरचीने २२ दिवस घेतले होते, त्यामुळे या ट्रेकडे मी पाणी शिंपडण्यापुरतेच पाहत होते.

सहाव्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असताना कोकोपीटमधून वर आलेली एक पांढुरकी कमान दिसली. मिरची उगवताना प्रथम पान दिसत नाही, दिसते ती वाकलेली दांडी. तिचे डोके अजून मातीतच अडकलेले असते आणि मान तेवढी बाहेर आलेली असते, जणू दाराच्या चौकटीतून वाकून कोणी आत येत आहे. मी घरातल्यांना हाक मारली. ते आले, पाहिले, आणि नाश्त्याला काय आहे असे विचारून परत गेले. संध्याकाळपर्यंत कमानी तीन झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा. त्यांतल्या दोघींनी मान सरळ केली होती आणि त्यांच्या डोक्यावर बियांची टरफले टोपीसारखी बसलेली होती. ती टोपी काढून द्यायचा मोह प्रत्येकाला होतो. काढू नये, आतली बीजदले, म्हणजे रोपाची पहिली दोन पाने, तुटतात. पाण्याचा एक थेंब ठेवला की ती नरम पडून आपोआप गळते.

आता कारण. तुमच्या स्वयंपाकघरात ते तुम्ही नेहमी पाहता. मटकी भिजवून फडक्यात बांधली की मे महिन्यात दुसऱ्या दिवशी मोड येतात, आणि जानेवारीत तेच गाठोडे शेगडीच्या उबेला ठेवावे लागते. मिरची मुळात अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेली. तिला थंड मातीचे वावडे आहे. माती १५ अंश सेल्सिअस असेल तर रोप वर यायला सुमारे २५ दिवस लागतात, २० अंशांना सुमारे १३, आणि २५ ते ३० अंशांमध्ये सुमारे ८. म्हणजे पाकिटावरचे दहा-पंधरा दिवस खोटे नाहीत, पण ते माझ्या पश्चिमेच्या गॅलरीतल्या एप्रिलसाठी लिहिलेले नाहीत. बियाणे तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही उगवलेल्या मिरचीची पहिली मोजणी ७व्या दिवशी आणि शेवटची १४व्या दिवशी करतात. गव्हाचे हेच दिवस ४ आणि ८ आहेत. वाण आणि हवामान बदलले की बी या अंतरात कुठेही सरकते.

उष्णतेने आठ दिवसांचे गणित सुटते, सहाचे सुटत नाही. ते सुटले वर्तमानपत्रावर. बी पाणी पिते ते तीन टप्प्यांत. पहिल्या काही तासांत ते भराभर फुगते. मग बराच काळ बाहेरून काहीच घडत नाही. आणि शेवटी मूळ बाहेर पडताना ते पुन्हा पाणी ओढू लागते. सगळी खरी कामे त्या मधल्या, निवांत दिसणाऱ्या काळात होतात: साठवलेले अन्न विरघळवणारी विकरे तयार होतात, आणि मिरचीच्या बाबतीत तर मुळाच्या टोकासमोरची कठीण भिंत मऊ पडावी लागते, एरवी मुळाला वाटच मिळत नाही. मूळ बाहेर येण्यापूर्वी बी सुकवले तर यातले बरेचसे काम वाया जात नाही. पुढच्या वेळी पाणी मिळाले की बी तिथून पुढे चालू लागते. मावशीच्या दिवसांत माझ्या बिया नेमक्या त्याच टप्प्यावर थांबल्या होत्या. कोरडवाहू भागात हरभरा रात्रभर भिजवून, सावलीत सुकवून पेरतात तो याच कारणाने, आणि बियाणे कंपन्या हेच काम मोजूनमापून करतात. म्हणून सहावा दिवस म्हणताना मला जरा संकोच वाटतो. बियांची पहिली रात्र मी हिशेबात धरलेलीच नसते.

हा योगायोग होता की काय, हे पाहण्यासाठी मागच्या वर्षी दोन ट्रे शेजारी शेजारी ठेवले. एकात भिजवून सुकवलेल्या २० बिया, दुसऱ्यात पाकिटातल्या कोरड्या २०. पहिला ट्रे दोन दिवस आधी उगवला. एवढ्याशा प्रयोगावर कोणी शास्त्र उभारू नये, पण मला ते दोन दिवस पुरेसे होते.

एक मात्र सांगायला हवे, कारण ते विचारायचे कोणाला सुचत नाही. लवकर उगवणे गैरसोयीचेही असते. त्याआधीच्या एका वर्षी वांग्याच्या ट्रेवर प्लास्टिक आणि त्यावर जाड कापड घालून मी निश्चिंत होते, दहाव्या दिवसाआधी उघडायचे नाही असे ठरवून. उघडले तेव्हा रोपे केव्हाच उगवून प्रकाशाच्या शोधात बोटभर लांब, फिकट आणि लुळी पडली होती. नवरात्रात घटाखालच्या परडीतला गहू देवघराच्या अंधारात पिवळा आणि लांबसडक वाढतो, तेच हे. घटातले पिवळे कोंब दसऱ्याला टोपीत खोचायला शोभतात, वांग्याच्या रोपाला तो रंग परवडत नाही. तेव्हापासून पाकिटावर काहीही लिहिलेले असो, तिसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी झाकण उचलून पाहते, आणि पहिली कमान दिसताच ट्रे उजेडात नेते. त्या सकाळी इतर कोणतीही कामे वेळेवर होत नाहीत.

या वर्षीच्या ट्रेमध्ये २० पैकी १७ उगवल्या आहेत, पहिली सहाव्या दिवशीच. मिरचीच्या प्रमाणित बियाण्यातून १००पैकी किमान ६० उगवाव्यात अशी अट असते, त्या मानाने हे भरपूर झाले. उरलेल्या तिघींच्या जागा मी काडीने खूण करून ठेवल्या आहेत. पाकिटावरचे पंधरा दिवस येत्या गुरुवारी पुरे होतात, तोपर्यंत त्या ओळीवरही पाणी शिंपडते आहे.