तेल्च: तळ्यांनी राखलेला चौक

तेल्च दोनदा जळलं. १३८६ च्या आगीत लाकडी घरं खाक झाली, तेव्हा लोकांनी ती दगडात बांधली. १५३० मध्ये पुन्हा आग लागली आणि बरंचसं गाव होरपळलं. त्यानंतर जे उभं राहिलं, ते आजही जवळजवळ तसंच उभं आहे. चेक प्रजासत्ताकात फिरायला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक प्राग बघतात, वेळ असेल तर चेस्की क्रुमलोव करतात आणि परत येतात. १९९२ मध्ये प्राग, चेस्की क्रुमलोव आणि तेल्च या तिन्ही गावांची नावं एकाच वर्षी जागतिक वारसा यादीत आली. पहिल्या दोन ठिकाणी आज चालायला जागा मिळत नाही. तिसऱ्या ठिकाणी मी चौकाच्या मधोमध उभं राहून सावकाश एका एका घराकडे बघू शकले.

तेल्च विसोचिना प्रांतात आहे, म्हणजे बोहेमिया आणि मोराविया या देशाच्या दोन जुन्या भागांच्या सीमेवरच्या उंच, थंड पठारावर. गाव समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून थोडं जास्त उंचीवर आहे आणि वस्ती पाच-साडेपाच हजारांची. यिहलावाच्या बाजूने आलात तर कोस्तेलेत्सपासून एक छोटी आगगाडी बटाट्याच्या शेतांमधून, पाइनच्या झाडीतून, तळ्यांच्या काठाने दक्षिणेला निघते. हा रूळ तेल्चपर्यंत १८९८ मध्ये आला. स्टेशन जुन्या गावापासून बरंच लांब आहे. उतरल्यावर साध्या घरांच्या साध्या रस्त्याने चालावं लागतं आणि तोवर काहीच विशेष दिसत नाही. मग वेस येते. तिच्याखालून पलीकडे गेलं की चौक एकदम समोर पसरतो.

चौक म्हटलं तरी तो चौकोनी नाही. लांबट त्रिकोण आहे, एका टोकाला रुंद आणि राजवाड्याकडे निमुळता होत जाणारा. दोन्ही बाजूंनी घरांच्या जवळजवळ अखंड रांगा. प्रत्येक घराला तळमजल्यावर कमानींची पडवी आहे आणि पडव्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्यामुळे पावसात किंवा बर्फात न भिजता लांबवर चालत जाता येतं. आपल्याकडच्या जुन्या पेठेत दुकानापुढच्या ओसरीवर गिऱ्हाईक टेकायचं, तशीच ही जागा, घर आणि रस्ता दोघांच्या मालकीची. विणकरांचं कापड, मातीची भांडी, धान्य, मासे हे सगळं इथेच विकलं जाई. ही बाजारपेठ आहे, हे मनात ठेवून हा चौक बघायला हवा. तो शोभेसाठी बांधलेला नाही. आजही कमानींखाली बेकरी आहे, कपड्यांचं दुकान आहे, आणि पिशव्या घेऊन घाईने जाणाऱ्या बायका आहेत.

घरांची कपाळं मात्र बघत राहावीत अशी. कुठे वर अर्धगोल, कुठे पायऱ्यापायऱ्यांच्या, कुठे वेटोळ्या कडांच्या भिंती, आणि रंग फिक्या गुलाबीपासून पिस्त्याच्या हिरव्यापर्यंत. या भिंती छपरापुढे पडद्यासारख्या उभ्या केलेल्या आहेत. मागे गेलं की कळतं, आतलं घर अरुंद आणि खूप खोल आहे, त्याच्या तळाशी जुन्या गॉथिक घराच्या जाड भिंती आणि तळघरं आहेत. शतकाशतकाला पुढचा चेहरा बदलत गेला, कुणी सोळाव्या शतकातला ठेवला, कुणी बरोक केला, पण घराची रुंदी, पडवी, रांगेतली जागा कुणी बदलली नाही. म्हणून एकही घर दुसऱ्यासारखं नसताना सगळा चौक एका हाताने केल्यासारखा वाटतो.

दोन घरांपुढे मी सर्वात जास्त वेळ घालवला. क्रमांक १५ च्या घराला बाहेर काढलेला उंच झरोका आहे आणि भिंतीवर १५५५ मधली चित्रं आहेत: क्रुसावरचा येशू, खांद्यावर बाळाला घेऊन नदी ओलांडणारा संत क्रिस्टोफर. क्रमांक ६१ वर जुन्या करारातले प्रसंग आहेत. ही चित्रं रंगवलेली नाहीत, खरवडलेली आहेत. या पद्धतीला स्ग्राफितो म्हणतात. आधी भिंतीवर गडद रंगाचा गिलावा द्यायचा, त्यावर चुन्याचा पांढरा पातळ थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा गडद थर उघडा करायचा. चुना सुकायच्या आत रेघ पूर्ण व्हायला हवी, चुकलेली रेघ पुसता येत नाही. जवळ जाऊन पाहिलं की हात कुठे दाबला गेला, कुठे हलका झाला, हे साडेचारशे वर्षांनंतरही दिसतं. ही कला इटलीतून इथे आली, आणि ती आणणाऱ्या माणसाचं नाव चौकाला दिलेलं आहे.

त्याचं नाव झखारियाश, ह्रादेत्स घराण्यातला. चौदाव्या शतकापासून तेल्च या घराण्याकडे होतं. १५५० च्या सुमारास धाकटी पाती म्हणून हे गाव झखारियाशच्या वाट्याला आलं. तेव्हा तो विशीत होता. १५५१ मध्ये बोहेमिया-मोरावियाचे सरदार जेनोव्हाला गेले, स्पेनहून परत येणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या राजपुत्र मॅक्सिमिलियनच्या स्वागताला, आणि झखारियाश त्यांत होता. (मॅक्सिमिलियनच्या त्या लवाजम्यात एक आशियाई हत्तीही होता. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या व्यापारातून लिस्बनला पोचलेला, आणि पुढे १५५२ मध्ये व्हिएन्नाला पोचलेला. त्या वर्षी आल्प्सच्या वाटेवर काय गर्दी उसळली असेल!) इटलीतले राजवाडे पाहून आलेला हा तरुण घरी परतला तो वडिलोपार्जित गॉथिक गढीत राहायला तयारच नव्हता.

त्याच्याकडे पैसा होता. पत्नी काटेर्झिना वाल्डश्टाइन या बड्या घराण्यातली. पुढे तो मोरावियाचा राज्यप्रमुखही झाला. त्याने इटालियन कारागीर बोलावले, त्यांत बाल्दास्सारे माज्जी हा वास्तुकार होता, आणि पुढची जवळपास तीस वर्षं गढीचा राजवाडा होत राहिला. आतली दालनं मार्गदर्शकाबरोबरच बघता येतात. सोनेरी दालनाचं लाकडी छत १५६१ मधलं आहे. त्यात तीस अष्टकोनी खण आहेत आणि प्रत्येक खणात कोरलेली, सोन्याचा मुलामा दिलेली वेगळी आकृती. मान दुखेपर्यंत वर बघत राहिले. आमच्या गटातल्या एका आजोबांनी तर सरळ जमिनीवर बसकण मारली आणि मार्गदर्शक बाईंनी हसून परवानगी दिली. खालच्या छोट्या खजिन्याच्या खोलीत सपाट भिंतीवर स्ग्राफितोने असे दगड आणि खांब काढले आहेत की हात लावून बघावंसं वाटतं. आफ्रिकेतल्या शिकारींनी भरलेलं एक दालनही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या मालकाने आणलेली ती मुंडकी. मला तिथे थांबवलं नाही, मी पुढे निघाले.

झखारियाश १५८९ मध्ये गेला. राजवाड्यालगतच्या सर्व संतांच्या चॅपेलमध्ये तो आणि काटेर्झिना शेजारी शेजारी आहेत. दगडी मूर्ती, भोवती रंगवलेली लोखंडी जाळी आणि वर छतभर चुनेगच्ची नक्षी. त्याच्यामागे घराणं फार टिकलं नाही. १६०४ मध्ये शेवटचा पुरुष वारस वारला आणि तेल्च त्याच्या बहिणीच्या सासरी, स्लावाता घराण्याकडे गेलं. तिचा नवरा विलेम स्लावाता हा इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात भेटतो, कारण १६१८ मध्ये प्रागच्या किल्ल्याच्या खिडकीतून ज्यांना खाली फेकलं आणि ज्यामुळे तीस वर्षांचं युद्ध पेटलं, त्यांतला तो एक. तो वाचला. त्या युद्धात १६४५ मध्ये स्वीडिश फौजा तेल्चमध्येही शिरल्या. युद्धानंतर त्याच घराण्यातल्या काउंटेस फ्रान्तिश्काने जेसुइट या कॅथलिक पंथाच्या धर्मगुरूंना आणलं. त्यांच्या मठासाठी राजवाड्याजवळची काही घरं पाडली गेली. चौकाच्या रांगेला पडलेला हा एकच मोठा खंड. त्यांचं चर्च १६६७ मध्ये पुरं झालं. मठाच्या इमारतीत आता ब्रनोच्या मासारिक विद्यापीठाचं केंद्र आहे.

आता तळ्यांबद्दल, कारण माझ्या मते तेल्च वाचलं ते त्यांच्यामुळे. श्तेपनित्स्की, उलित्स्की आणि स्तारोम्येस्त्स्की ही तिन्ही तळी माणसांनी केलेली आहेत. ती आधी संरक्षणासाठी होती. तटबंदीच्या बाहेर पाणी असलं की शत्रूला वेशीशिवाय वाट उरत नाही. शिवाय त्यांत कार्प मासे वाढवत. उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असलेल्या कॅथलिक युरोपात माशांचं तळं म्हणजे हमखास उत्पन्न होतं. आजही शरद ऋतूत चेक तळी रिकामी करून मासे काढतात आणि नाताळाआधी रस्त्यारस्त्यावर टबांतून जिवंत कार्प विकला जातो. पण या पाण्याने आणखी एक गोष्ट केली, जी कुणी ठरवलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकात युरोपभर गावांनी तट पाडून रस्ते रुंद केले, चौकांत बहुमजली इमारती उठवल्या. तेल्चला तीन बाजूंनी पाणी असल्याने जुनं गाव फुगायला जागाच नव्हती. नवी घरं, कारखाने, स्टेशन सगळं पलीकडच्या काठाला गेलं. राजवाड्याच्या पुढच्या मालकांच्या जहागिरी इतरत्रही होत्या, त्यामुळे त्यांनी इथे मोडतोड केली नाही. १९४५ मध्ये तो सरकारजमा झाला.

हे नीट समजतं ते तळ्याच्या पुलावरून मागे वळून बघताना. पाण्यात गावाचं आख्खं प्रतिबिंब: राजवाड्याची छपरं, संत याकुबच्या चर्चचा साठ मीटरचा मनोरा, जेसुइट चर्चचे जोडमनोरे. थोडं बाजूला पवित्र आत्म्याचा मनोरा, तेराव्या शतकातला, गावातली सर्वात जुनी वास्तू. संत याकुबच्या मनोऱ्यावर चढा. वरून त्रिकोणी चौक, अरुंद घरांच्या मागच्या लांबच लांब परसबागा आणि भोवतीचं पाणी एका नजरेत येतं.

जेवणाचं सांगायचं तर हा बटाट्याचा मुलूख आहे. बटाट्याचं सूप मसाल्याच्या मार्जोरम पानांचं आणि रानातल्या मशरूमचं असतं, ते थंडीत प्यावंच. मात्र त्यात मांस आहे का ते विचारून घ्या. शाकाहारी मंडळींना बटाट्याच्या किसाचं लसूण घातलेलं थालीपीठवजा ब्राम्बोराक आणि तळलेलं चीज जवळजवळ सगळीकडे मिळतं.

शक्य असेल तर एक रात्र तेल्चमध्येच राहा. दिवसाच्या सहलींच्या बसेस दुपारनंतर निघून जातात आणि संध्याकाळी चौकात शाळकरी मुलांच्या सायकली फिरू लागतात. जुलैच्या अखेरीस आणि ऑगस्टमध्ये इथे संगीत आणि नाटकांचा महोत्सव असतो, तेव्हा खोली बरीच आधी ठरवावी लागते. राजवाडा बघण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि सोमवारी तो बहुधा बंद असतो.

हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर त्याच रुळाच्या दिशेने दक्षिणेला दाचित्सेला जा. तिथल्या साखर कारखान्याचा संचालक याकुब क्रिश्तोफ राड याने १८४३ मध्ये साखरेच्या चौकोनी खड्यांचं पेटंट घेतलं. त्याआधी साखर शंकूच्या आकाराच्या मोठ्या ढेपांत येई आणि ती कापताना त्याच्या पत्नीचं बोट कापलं, तिथून ही कल्पना निघाली असं सांगतात. गावात पांढऱ्या दगडाच्या एका घनाकृती खड्याचं स्मारक आहे. आणखी पुढे ऑस्ट्रियाच्या सीमेला टेकलेलं स्लावोनित्से येतं, तिथल्या घरांवरही स्ग्राफितोची चित्रं आहेत. गाड्या कमी असतात, वेळापत्रक आदल्या दिवशीच बघून ठेवा.