घंटेपाशी

मोंबासा (केनिया), सोमवार, रात्री

टुकटुकवाल्याला मी न्याली पुलापलीकडच्या चौकात सोड म्हणालो, तर तो म्हणाला, "केंगेलेनी?" स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. केंगेलेनी म्हणजे घंटेपाशी. चौकात माटाटू गाड्यांचा गोंगाट, केळीवाल्या बायका, धूळ, आणि त्या सगळ्यात उभा असलेला जुना दगडी बुरूज. त्यात ती घंटा. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की ती वाजवायचे, असं इथे सांगतात.

मी किती तरी वेळ तिथे उभा होतो. आयुष्यभर ज्या रस्त्यानं गेलो-आलो, तो शरणपूर रोड मला या चौकात भेटेल असं कधी वाटलं नव्हतं.

नाशिकच्या पोरांना शरणपूर रोड म्हटलं की कॅनडा कॉर्नर, दुकानं, सिग्नल एवढंच आठवतं. पण ते शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं गाव. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ते वसवलं. अरबी समुद्रात इंग्रजी आरमारानं गुलामांची गलबतं पकडली की सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवत. १८६० च्या सुमारास त्यातल्या बऱ्याच जणांना शरणपूरच्या आश्रमशाळेत आणलं. सुतारकाम, लोहारकाम, वाचन, पवित्र शास्त्र. घर कुठलं ते न आठवणारी पोरं गोदाकाठी वाढली. त्यांच्यातली काही परत या किनाऱ्यावर आली, ती उपदेशक होऊन. आणि १८७४ च्या अखेरीस हेच प्राइससाहेब इथे उतरले आणि सुटलेल्या गुलामांसाठी त्यांनी ही फ्रेअर टाउनची वस्ती उभी केली. पूर्वी मुंबईचे गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रेअर यांचं नाव तिला दिलं. नाशिकचा आश्रम बंद झाला, तिथली माणसं इकडे आली. इथे त्यांना अजूनही 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणतात.

उद्यापासून वर्ग. किनाऱ्यालगतच्या खेड्यांतून बावीस जण येणार आहेत. मला त्यांना तीन आठवडे बायबलमधली तीमथ्याची पत्रं शिकवायची आहेत.

बुधवार

वर्गात पाळक, म्हणजे दीक्षा झालेला ख्रिस्ती धर्मगुरू, एकही नाही. सगळे उपदेशक. प्रत्येकाकडे एक-दोन, कुणाकडे तीन मंडळ्या, म्हणजे गावोगावचे ख्रिस्ती भाविक. रविवारची उपासना हेच घेतात, मयताला हेच जातात, आजाऱ्याच्या उशाशी हेच बसतात. दीक्षा झालेला पाळक महिन्या-दोन महिन्यांनी येऊन प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, देतो आणि पुढच्या मंडळीकडे जातो. नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे आमचं अगदी असंच आहे. मी वेगळं काही बघायला आलो होतो आणि बघतो तर घरचंच चित्र.

पाळकाला इथे म्चुंगाजी म्हणतात. कुचुंगा म्हणजे गुरं राखणं. आपला पाळक आणि यांचा म्चुंगाजी दोघंही रानातून आलेले. दुपारी जेवताना असे शब्द शोधायचा खेळच झाला. किताब इथे किताबू, कलम इथे कलामू, गाडी इथे गारी. नारळाच्या रसात शिजवलेली तूर आणि माहाम्री, म्हणजे तळलेले गोडसर पाव, खाताना एक जण म्हणाला, "मवालिमू, तुम्ही जेवता आमच्यासारखेच." मवालिमू म्हणजे गुरुजी.

दक्षिणेचा वारा, ज्याला हे कुसी म्हणतात, दिवसभर अंगावर येतो. याच वाऱ्यावर गलबतं हिंदुस्थानच्या बाजूला जायची. त्या पोरांना घेऊन गेलेला वारा हाच.

शनिवार, राबाई

आज सुट्टी म्हणून दोघांनी मला राबाईला नेलं. मोंबाशाहून आत, टेकडीवर, नारळीच्या बागांत. योहान लुडविग क्राफ १८४४ साली या किनाऱ्यावर उतरले. काही महिन्यांतच त्यांची बायको रोझिने आणि तान्हं लेकरू ताप येऊन गेलं. १८४६ मध्ये योहानेस रेबमान येऊन मिळाले आणि दोघांनी राबाईला ठाणं मांडलं. क्राफ पुढे मायदेशी परतले. रेबमान राहिले जवळजवळ तीस वर्षं. बायको इथेच पुरली, डोळे गेले, तरी राहिले. ते घर अजून आहे. मी उंबऱ्याला हात लावला.

सांगणारे रेबमानसाहेबांवर थांबतात. मला मात्र १८६४ सालावर थांबायचं होतं. त्या वर्षी नाशिकहून तिघे या टेकडीवर आले. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड. शरणपूरला शिकलेले, शरणपूरच्या प्रार्थनेत उभे राहिलेले. मराठी त्यांच्या कानावरून गेलीच असणार. म्हातारा होत चाललेला, डोळ्यांनी अधू होत चाललेला जर्मन मिशनरी आणि त्याच्या मदतीला आमच्या नाशिकची तीन माणसं.

नाशिकच्या पोरांतला जेकब वेनराइट जगाला ठाऊक आहे. १८७३ मध्ये आफ्रिकाभर फिरलेले मिशनरी डॉ. लिव्हिंगस्टन आतल्या मुलखात चितांबोच्या गावात वारले, तेव्हा प्रेतसंस्काराची प्रार्थना त्यानंच वाचली आणि झाडावर नाव कोरलं. शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकचे आणखी काही होते. त्यांतला मॅथ्यू वेलिंग्टन मोंबाशातच १९३५ पर्यंत जगला. जेकब शवाबरोबर लंडनपर्यंत गेला, वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीजवळ चालला. त्याचं मोठेपण मी नाकारत नाही. पण माझं मन ओढ घेतं ते जोन्स आणि सेमलरकडे. ते एका जागी राहिले आणि मंडळी वाढवली. अशा कामाला चित्र काढण्यासारखं काही नसतं.

त्यांना डीकनची दीक्षा, म्हणजे पाळकपणाची पहिली पायरी, कधी मिळाली? ३१ मे १८८५. त्रैक्य रविवार. नवे बिशप जेम्स हॅनिंग्टन त्याच वर्षी आले होते, आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवले.

१८६४ ते १८८५. एकवीस वर्षं.

परतीच्या गाडीत मी गप्प होतो. बरोबरच्यांना वाटलं, दमलो.

रविवार, रात्र

झोप येत नाही म्हणून लिहितो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या चौदाव्या अध्यायात पौल आणि बर्णबा लुस्त्र, इकुन्य, अंत्युखिया इथे परत फिरतात आणि उपास-प्रार्थना करून प्रत्येक मंडळीत वडील नेमतात. ज्यांना कालपरवा शुभवर्तमान सांगितलं, त्यांच्यातून नेमतात. दगडमार झालेल्या गावात नेमतात. मग त्यांना प्रभूवर सोपवतात आणि निघून जातात. मी हा अध्याय निदान तीस वेळा शिकवला असेन.

आणि सुरगाण्याचा माझा माणूस? अकरा वर्षं तो तीन पाड्यांच्या मंडळ्या बघतोय. नागलीची भाकर आणि मिरचीची चटणी बांधून पावसात ओढे ओलांडत जातो. पाड्यावर दारूत बुडालेली घरं त्याच्या प्रार्थनेनं सुटली. दीक्षेचा विषय दरवर्षी कमिटीत येतो. मी त्या कमिटीत आहे. लेखी परीक्षेत तो दोनदा मागे पडला. मंडळीच्या इतिहासाचा पेपर त्याला जड जातो. दरवर्षी मीच म्हणालो, "अजून थोडं शिकू द्या." प्रेमानं म्हणालो. त्याच्या भल्यासाठी म्हणालो असंच मला वाटत होतं. पण काल राबाईच्या टेकडीवर मला माझाच आवाज ऐकू आला. जोन्स-सेमलरबद्दलही कुणी तरी एकवीस वर्षं प्रेमानंच हे म्हणत असेल.

त्याच्या मंडळ्यांना महिनोन्महिने प्रभुभोजन मिळालं नाही. ते ताट मी अडवून धरलं होतं. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहून ठेवतो.

बुधवार

आज तीमथ्याचं पत्र बाजूला ठेवलं आणि विल्यम जोन्सची गोष्ट सांगितली. बावीस जणांत एकदोघांनाच ती अर्धीमुर्धी ठाऊक होती.

दीक्षेनंतर दोन महिन्यांतच, जुलै १८८५ मध्ये, बिशप हॅनिंग्टन दोनशेवर माणसांचा काफिला घेऊन युगांडाकडे निघाले. जोन्स बरोबर. पुढे क्वा सुंडू या गावी बिशपनी जोन्सला बहुतेक माणसांसह मागे ठेवलं आणि आपण पन्नास जण घेऊन पुढे गेले. पूर्वेच्या वाटेनं येणाऱ्या परक्यांची युगांडातल्या बुगांडा राज्याच्या दरबाराला धास्ती होती. राजा म्वांगाच्या हुकुमानं २९ ऑक्टोबरला बुसोगात बिशपना मारलं, बरोबरच्यांनाही मारलं. पन्नासांतले मोजकेच पळून जोन्सकडे पोचले. आणखी कुणी वाचून येईल म्हणून जोन्स तिथेच जवळपास महिनाभर थांबला. मग उरलेल्यांना घेऊन परत फिरला. १८८६ च्या फेब्रुवारीत काफिला राबाईला पोचला, तेव्हा पुढे निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द, ईखाबोद. बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला, इस्राएलचा पवित्र कराराचा कोश शत्रूच्या हाती गेला तेव्हाचा. वैभव गेलं.

नाशिकला शिकलेल्या माणसानं तो शब्द निवडला. शास्त्र पाठ असणं वेगळं आणि दुःखाच्या वेळी नेमका शब्द हाताशी असणं वेगळं. कुठल्या परीक्षेत हे तपासतात?

पुढे राबाईला पळून आलेल्या गुलामांना जोन्सनं आसरा दिला. मालक मागायला आले तरी दिला. १८८९ च्या पहिल्याच दिवशी चौदाशेवर माणसांना मुक्तीचे कागद मिळाले, ब्रिटिश कंपनीनं मालकांना पैसे मोजल्यावर. नंतरच्या काळात बरोबरीच्या वागणुकीवरून जोन्सचे मिशनमधल्या गोऱ्या साहेबांशी खटके उडाले. मी तेही सांगितलं. लपवण्यासारखं नाही, आणि हे सगळे स्वतः रोज ते अनुभवतात.

वर्ग शांत होता. मग शिवणकाम करून दोन मंडळ्या सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं, "मवालिमू, आमची एकवीस वर्षं कुठून मोजायची?"

मी म्हणालो, मला आज उत्तर देता येणार नाही. उरलेल्या आठवड्याचे पाठ तुम्ही घ्या, मी बसून ऐकतो. रात्री त्यांनी आपसात दिवस वाटून घेतले. मला विचारलंही नाही. बरं वाटलं.

शुक्रवार, पहाटे

काल सुरगाण्याला फोन लावला. तो भाताच्या आवणीत होता, मागून बायकांच्या गाण्याचा आवाज येत होता. आधी मी माफी मागितली. त्याला काही कळेना. "साहेब, तब्येत बरी हाय ना?" म्हणाला. मग सांगितलं की परत आलो की कमिटीला पत्र देतो, तुझ्या दीक्षेसाठी, परीक्षेची अट न घालता, आणि आजवर मीच आडवा होतो हेही त्यात लिहितो. तो बराच वेळ काही बोलला नाही. पावसाचा आवाज तेवढा येत राहिला.

"तिकडं काय शिकवता?" त्यानं विचारलं. मी जोन्सची गोष्ट सांगितली. काफिला, बिशप, निशाण. निशाणाचं ऐकून तो सुस्कारेल असं मला वाटलं होतं. त्यानं निशाणाबद्दल विचारलंच नाही.

"ते महिनाभर थांबले ना तिथं," तो म्हणाला, "भ्यालेली माणसं घेऊन. कुणाचा भाऊ गेलेला, कुणाचा जोडीदार. त्या महिन्यात ते रोज काय करत आसतील, साहेब?"

इतकी वर्षं ही गोष्ट मला ठाऊक आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी म्हणालो, "तूच सांग."

"सांजेला एकेकाचं नाव घेऊन हाक मारत आसतील," तो म्हणाला. "आलेल्याचं बी नि न आलेल्याचं बी."

मग म्हणाला, रोपं कोमेजतील, हातातली मूठ लावून घेतो, आणि फोन ठेवला.