पालकांची सही आणि मुलाचा होकार

सामाजिक संशोधनात मुलांना सहभागी करून घ्यायचे ठरले की अनेक संशोधक सर्वप्रथम पालकांच्या संमतिपत्राचा मसुदा तयार करतात आणि त्यावर सह्या झाल्या की नैतिकतेचा प्रश्न मिटला, असे समजतात. कायद्याला ही सही बहुतेक वेळा हवीच असते. पण पालकांनी दिलेली परवानगी हा मुलाचा होकार नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम १२ नुसार, स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलाला त्याच्याशी संबंधित सर्व बाबींत ते मांडण्याचा हक्क आहे. अमेरिकेच्या संशोधनविषयक संघीय नियमांत तर पालकांची परवानगी व मुलाचा होकार यांची स्वतंत्र व्याख्या केलेली असून, मुलाने केवळ हरकत घेतली नाही म्हणून त्याचा होकार गृहीत धरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

शाळेत नेमका याच नियमाचा विसर पडतो. शिक्षकांनी वर्गात आणलेल्या पाहुण्याची प्रश्नावली आणि परीक्षेचा पेपर यांतला फरक मुलाला कळणार तरी कसा? त्यामुळे ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलासाठी त्याच तासाला दुसरे काम ठेवणे, उत्तरे लिहिताना शिक्षकांना बाहेर थांबण्याची विनंती करणे आणि मुलाखत मध्येच थांबवता येते हे मुलाला आधीच सांगून ठेवणे, या गोष्टी मला छापील संमतिपत्रापेक्षा महत्त्वाच्या वाटतात.

गोपनीयतेचा प्रश्न याहून अवघड आहे. ‘तू सांगशील ते कोणालाही कळणार नाही’ असे आश्वासन संशोधकाने देऊच नये, कारण ते पाळणे त्याच्या हातात नसते. उदाहरणार्थ, भारतातील २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीला ती पोलिसांना कळवावी लागते. संशोधक त्याला अपवाद नाही. ही मर्यादा मुलाला समजेल अशा शब्दांत मुलाखतीपूर्वीच सांगायला हवी. त्यामुळे काही मुले गप्प राहतील आणि माहिती अपुरी पडेल, हे मान्य करूनच पुढे जावे.

मात्र पालकच छळ करणारे असतील, तर त्यांच्या परवानगीची अट मुलालाच धोक्यात आणू शकते. अशा वेळी अमेरिकी नियम संशोधनाचा प्रस्ताव तपासणाऱ्या नैतिकता समितीला ती अट शिथिल करू देतात, परंतु त्याऐवजी मुलाच्या संरक्षणाची दुसरी योग्य व्यवस्था करावी लागते. ती व्यवस्था कोण आणि कशी करणार, हे समितीकडील अर्जातच नावानिशी लिहिलेले असावे.